दुसरी गोळी

शिपाई विपुल चरडेचं पिस्तूल लाखेची मोहोर लावलेल्या कापडी पिशवीतून शस्त्रागारात परत आलं, तेव्हा भर दुपार होती. थंडीच्या दिवसांतलं ऊन जाळीतून आत येऊन टेबलावर पसरलं होतं. एकता गजभियेनं सही करून पिशवी हातात घेतली आणि तिला वाटलं, आपल्या डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलंय. तिनं वळून पाहिलं नाही. विपुल गेल्यापासून ती वळून पाहतच होती, आणि दर वेळी तिथं हत्यारांचं कपाट आणि भिंत, एवढंच असायचं.

एकता पथकाची आर्मरर होती. पथकाची सगळी हत्यारं सांभाळायची, दुरुस्त करायची, चालवून पाहायची, हे तिचं काम. पथक तसं छोटंच. खटल्यांतले साक्षीदार, धमक्या आलेली माणसं, यांच्या आगेमागे साध्या कपड्यांत हिंडणारे शिपाई. यांची ड्यूटी कायम गर्दीत, म्हणून त्यांना हॉलो पॉइंट गोळ्या दिलेल्या. या गोळीचं टोक मिटलेलं नसतं. त्याला तोंड असतं, कुणी बारीकशी वाटी कोरून ठेवावी तसं. अंगात शिरली की ती फुलते आणि तिथंच थांबते. आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही. बाजारात किंवा कोर्टाच्या आवारात याला फार किंमत असते.

पण पिस्तुलं होती जुनी, गोल टोकाच्या गोळ्यांसाठी घडवलेली. एक गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, आणि पुढे येताना मॅगझिनमधली दुसरी गोळी ढकलत नेते. बॅरलच्या तोंडाशी एक लहानसा चढ असतो. गोल टोक त्या चढावरून अलगद सरकत आत जातं. हे उघडं तोंड मात्र कधी चढाला टेकतं आणि तिथंच रुतून बसतं. गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर. मग पिस्तूल म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा.

एकतानं पथकातल्या एकेका पिस्तुलाचा हा चढ घासूनपुसून असा गुळगुळीत केला होता की त्यात खिडकी दिसावी. नंतर प्रत्येक पिस्तूल तिनं स्वतः चालवून पाहिलं होतं. विपुलनं त्याचं पिस्तूल एकदा परत आणलं, तेही तिनं हातातलं काम बाजूला ठेवून लगेच पाहिलं. तो जाळीबाहेर लवंग चघळत उभा होता.

"दीदी, कधी कधी अडकून राहिली ही. एकदा देख लो ना."

"कधी अडकली? रेंजवर?"

"रेंजवर नाही. घरी नुसत्या डमी गोळ्या टाकून बघत होतो, तेव्हा."

तिनं खोकाभर गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. मग त्यालाच उभं केलं. त्याच्या हातातही पिस्तूल सरळ चाललं. तो हसला. "चलो, मग माझ्याच मनाचा खेळ असन," म्हणाला आणि कमरेला लावून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिहोऱ्याच्या बाजारात ते घडलं. एका खुनाच्या खटल्यात साक्ष द्यायला आलेल्या चंपाबाईला पथकानं जबलपूरच्या कोर्टातून तिच्या गावी सोडायला नेलं होतं. विपुल आणि दुसरा एक शिपाई सोबत होते. जीप बाजारात थांबली, बाई उतरल्या, आणि मोटरसायकलवरून दोघं आले. विपुलनं एक गोळी झाडली. ती एकाच्या मांडीत बसली, तो पडला. दुसरी गोळी सुटलीच नाही. दुसऱ्या माणसाकडे गावठी कट्टा होता. त्याची गोळी विपुलच्या मानेत लागली. जीपच्या पलीकडून दुसरा शिपाई धावत येईपर्यंत तो माणूस पळाला होता. चंपाबाई वाचल्या. विपुल दवाखान्याच्या वाटेवर गेला. त्याच्या मुठीतल्या पिस्तुलात दुसरी गोळी तिरपी अडकलेली होती, तोंड चढाला टेकवून.

आता प्रयोगशाळेतून पिस्तूल परत आलं होतं आणि सोबतच्या अहवालात लिहिलं होतं, हत्यार निर्दोष. चौकशी करणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यानं त्यावरून एक ओळ लिहिली होती: हाताळणीत चूक. ती पक्की होण्याआधी पथकाकडून एक शेवटची चाचणी हवी होती.

पथकाचे प्रमुख अनिमेष सर जबलपूरच्याच मदन महल भागातल्या एका मराठी रेल्वेवाल्या घरातले. तरुण माणूस, बोलायला मऊ. ते स्वतः जाळीपाशी आले.

"एकताजी, तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नाही सर. मीच करते."

चाचणीचं भुयार शस्त्रागाराच्या मागेच होतं. लांबट, बसकं, शेवटी वाळूच्या गोण्या रचलेल्या. तिनं कानांवर जाड मफ चढवले, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं आणि झाडायला लागली. गोळ्या एकीमागून एक गेल्या. मॅगझिन रिकामं, दुसरं भरलं, तेही रिकामं. काही अडलं नाही. तिनं थांबून श्वास घेतला. मफ कानांवर असताना बाहेरचं काही ऐकू येत नाही, आपलंच रक्त तेवढं वाहताना ऐकू येतं. आणि त्या रक्ताच्या आवाजातून, डाव्या कानाशी अगदी लागून, कुणीतरी म्हणालं, "दीदी, देख लो ना."

तिनं मफ काढून फेकले. भुयारात बंदुकीच्या दारूचा वास होता, आणि त्या वासाखाली लवंगेचा.

तिनं पिस्तूल रिकामं केलं, तपासलं, खाली ठेवलं. या सगळ्या सवयी हातांनी आपणहून पार पाडल्या. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. तिचा डावा हात भरून आला होता. हे तिला आता रोजचं झालं होतं. विपुल गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खांद्यापासून कोपरापर्यंत ओझं लटकल्यासारखं व्हायचं. डॉक्टरनं हात वर-खाली करून पाहिला होता, गोळ्या दिल्या होत्या आणि काही नाही म्हणून सांगितलं होतं. दुखत नव्हताच तो. तो जड होता. भाजीची पिशवी घेतलीय आणि खाली ठेवायची विसरलोय, असा.

एकताचं घर महाराजपूरला. घरात ती आणि तिचे वडील, बापू. बापूंची सारी उमर दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेली. आता ते अंगणात खुर्ची टाकून ऊन खात आणि मटार सोलत बसत. एकता येऊन पायरीवर बसली तेव्हा त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली.

"काहून अशी बसून राहिली? आज चाललं का ते पिस्तौल?"

"चाललं."

"मग?"

तिनं मटाराची शेंग उघडली आणि तशीच हातात धरून ठेवली. "बापू, तो येते माझ्याजवळ. इकडून, डाव्या बाजूनं. बोलते."

हे घर भूतखेत न मानणारं होतं. बावीस प्रतिज्ञा त्यांच्या बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलेल्या. एकता शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरून काळा दोरा बांधून आली, तेव्हा बापूंनी तो स्वतः कात्रीनं कापला होता आणि तिला समोर बसवून तासभर समजावलं होतं. त्यांच्यापुढे हे बोलायची तिला लाज वाटत होती.

"आपण असलं काही मानत नाही," बापू म्हणाले. पण म्हणताना त्यांनी आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली, जणू पायरीवर तिच्या डावीकडे कुणाला जागा करून द्यायची होती. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि ते वरमले. "तुझ्या मनाले काहीतरी पटून नाही राहिलं. तू सगळं पाहिलं?"

"पिस्तूल पाहिलं. गोळ्या पाहिल्या. एक-एक मोजून-मापून पाहिली."

"तिथं गेली होती? जिथं झालं तिथं?"

ती गेली नव्हती.

त्याच आठवड्यात विपुलची बायको प्रतिमा शस्त्रागारापाशी आली. ती रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात कामाला होती आणि कामाच्याच साडीत आली होती. तिला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून एकता बाहेर आली. दोघी कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसल्या. प्रतिमाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण आवाज स्थिर होता.

"लोक म्हणतात तो घाबरला. हात थरथरला त्याचा, म्हणून अडकली. माझ्या तोंडावर नाही म्हणत. पण म्हणतात. खरं आहे का ताई?"

"नाही."

"तुम्हाला माहीत आहे, की मला बरं वाटावं म्हणून म्हणता?"

एकतानं ओट्यावर पडलेलं कडुलिंबाचं पान उचललं. प्रतिमा उठली, साडीचा पदर खोचला. "तो घाबरला असेल तरी चालेल मला. माणूस घाबरतो. फक्त खरं काय ते कळू द्या," एवढं म्हणून ती फाटकाकडे चालू लागली. एकता तिच्या पाठीकडे पाहत राहिली. एकताच्या डावीकडे जे कुणी उभं होतं, तेही पाहत होतं. याची तिला पक्की खात्री वाटली.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून ती बसनं सिहोऱ्याला गेली.

बाजारात शिंगाड्यांचे ढीग लागले होते. हिरवे, लालसर, आणि उकडून काळे झालेले. चंपाबाईचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला एक बारदान, एक तराजू आणि चुलीवर चढवलेलं मोठं पातेलं. बाई साठीच्या, काटक. एक पोलीस शिपाई समोरच्या टपरीवर चहा पीत त्यांच्याकडे नजर ठेवून होता. एकतानं आपली ओळख दिली तशी बाईंचा चेहरा बंद झाला.

"सब बता दिया साहब लोगों को. अब क्या बचा है?"

"मैं साहब नहीं हूँ, अम्मा. उसकी पिस्तौल मैं ठीक करती थी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. बारदानाच्या मागे एक पोरगी शिंगाडे निवडत बसली होती. सहाएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातापायांनी चांगली भरलेली. बाईंची नात. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "कौन-सी पिस्तौल? विपुल भैया वाली?"

"रोशनी, चुप," बाई ओरडल्या.

पण पोरीच्या तोंडून ते निघून गेलं होतं. एकता खाली उकिडवी बसली. "तू विपुल भैया को जानती है?"

पोरीनं आजीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चुलीवरचं पाणी खदखदत होतं. बाईंनी झाकण ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मग त्या एकताच्या शेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात, रस्त्याकडे बघत बोलू लागल्या.

त्या दिवशी आजी परत येणार म्हणून रोशनी रस्त्यावरच वाट बघत होती. जीप दिसली तशी ती धावली. मोटरसायकल तिच्या मागूनच आली. विपुलनं आधी पोरीला उचललं. डाव्या हातावर घेतलं, छातीशी घट्ट धरलं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि अंग वळवून स्वतः मध्ये उभा राहिला. मग उजव्या हातानं पिस्तूल काढलं. गोळी लागल्यावरही त्यानं पोरीला सोडलं नाही. तो गुडघ्यावर बसला, मग कुशीवर झाला. चंपाबाईंनी तिला त्याच्या हातातून ओढून काढलं आणि बाजूच्या दुकानात लपवलं. दुसरा शिपाई आला तेव्हा तिथं पोरगी नव्हतीच. बाजारातली माणसं तर मोटरसायकलवरचा कट्टा दिसताच दुकानांत दडली होती.

"तुम्ही हे कुणालाच सांगितलं नाही?" एकताच्या तोंडून मराठीच निघालं. बाईंना ते समजलं.

"कैसे बताती? मैंने एक बार आँख से देखा हुआ बता दिया, तो देखो क्या हुआ. लड़की को भी गवाह बना देंगे. फिर उसके पीछे भी आएँगे." बाईंनी एकताचं मनगट पकडलं. "बिटिया का नाम कागज में नहीं आना चाहिए. कसम खाओ."

"नहीं आएगा, अम्मा."

बाईंनी पकडलं होतं ते डावं मनगट. तो सगळा हात खांद्यापासून ओढला जात होता, आणि तिला आता कळलं होतं की हे ओझं काय आहे. पोरीच्या वजनाचं होतं ते. बापूंच्या घरात न मानलं जाणारं काहीतरी इतके दिवस तिच्या हातावर बसून होतं आणि ती डॉक्टरच्या गोळ्या खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अनिमेष सरांना भुयारात बोलावलं. चाचणीच्या वाळूच्या गोण्यांतली एक लहान गोणी तिनं डाव्या कडेवर घेतली आणि छातीशी आवळली. उजवा हात लांब करता येईना, गोणीच्या वजनानं सारं अंग एका बाजूला कललं होतं. कोपर बरगडीला टेकलं. तिनं तसंच पिस्तूल धरलं, मनगट जेवढं राहील तेवढंच घट्ट.

पहिली गोळी सुटली. धक्क्यासरशी पिस्तूल हातासकट मागे आलं. स्लाइडला मागे जायला रेटा लागतो, पिस्तूल जागेवर घट्ट धरून ठेवणारा हात लागतो. हातच सोबत मागे गेल्यावर ती अर्धवटच जाऊन परतली. मॅगझिनमधली गोळी अजून पुरती वर आली नव्हती. तिचं उघडं तोंड चढाच्या तळाला लागलं आणि रुतलं. दुसरी गोळी तिरपी अडकून बसली, तशीच, अगदी तशीच.

सरांनी वाकून ती तिरपी गोळी पाहिली.

"पुन्हा," अनिमेष सर म्हणाले.

दर वेळी अडली नाही. पण पुन्हा पुन्हा अडली. सरांनी स्वतः गोणी कडेवर घेतली, त्यांच्याही हातात अडली. मग एकतानं जुन्या गोल टोकाच्या गोळ्या भरल्या. त्याच हातात, त्याच गोणीसकट, त्या सगळ्या घरंगळत आत गेल्या. स्लाइड कमी मागे गेली तरी गोल टोकाला चढावरून निसटायला जागा मिळत होती. उघड्या तोंडाला ती मिळत नव्हती. विपुल घरी डमी गोळ्या टाकून बघत होता, तेव्हा त्यानं पिस्तूल कसं धरलं असेल, हेही तिला आता दिसलं. सोफ्यावर रेलून, स्लाइड अर्धी ओढून, हळूच सोडत. तेव्हाही अडकली होती. रेंजवर उभं राहिलं की सगळे पाय रोवून, दोन्ही हातांनी धरतात. त्या हातांत कुठलंच पिस्तूल अडत नव्हतं.

सर एका गोणीवर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रशिक्षणात आपण एका हातानं झाडायला शिकवतो. दुसरा हात जखमी झाला तर, म्हणून. पण हॉलो पॉइंट आल्यावर एका हातानं चाचणी कुणीच घेतली नाही. मीही सांगितलं नाही." त्यांनी चष्मा चढवला. "हे तुम्हाला कसं सुचलं? कडेवर ओझं घ्यायचं?"

"सर, ते विचारू नका."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग गोणीकडे. गोणी साधारण केवढी आहे, ते त्यांच्या नजरेनं मापलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते उठले. "नाही विचारत," म्हणाले. "एका हातानं धरलेलं पिस्तूल चाललं पाहिजे, एवढं लिहायला मला कारण लागत नाही. त्याच्या नावापुढची ती ओळ मी काढायला लावतो."

ती ओळ निघाली. वेळ लागला, पत्रं गेली-आली, पण निघाली. तोवर एकतानं सगळी पिस्तुलं परत मागवली होती. मॅगझिनच्या थकलेल्या स्प्रिंगा बदलल्या, गोळी वर येताना वेळेत यावी म्हणून. त्या रुंद तोंडाच्या गोळ्या तिनं पथकातून काढूनच टाकायला लावल्या. त्यांच्याऐवजी ज्या आल्या त्या पोकळ तोंडाच्याच, पण तोंडाच्या कडेला गोलाई असलेल्या. प्रत्येक पिस्तूल तिनं कडेवर गोणी घेऊन चालवलं, आणि पथकातल्या प्रत्येकाला तसंच चालवायला लावलं. उंच, धिप्पाड शिपाई वाळूची गोणी बाळासारखी छातीशी धरून उभे राहत आणि सुरुवातीला हसत. एकता हसत नसे. मग त्यांचंही हसणं थांबे. गोळ्या सरळ जात होत्या.

बापूंना तिनं सगळं सांगितलं, पोरीचं सोडून. बापूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता येते का तो?"

"येते."

"बोलते?"

"नाही. नुसता उभा राहते."

बापूंनी मान हलवली. भूत नसतं, हे त्यांनी या वेळी म्हटलं नाही.

प्रतिमाला अनिमेष सरांनीच बोलावून सांगितलं होतं. नंतर ती कडुलिंबाखाली थांबली. एकता बाहेर आली.

"सर म्हणाले, एका हातानं धरलं होतं त्यानं. म्हणून अडली."

"हो."

"आणि दुसरा हात? तो तर जखमी नव्हता. मी पाहिलंय त्याला. आंघोळ घालताना पाहिलंय. दुसऱ्या हाताला काही झालं नव्हतं." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "दुसऱ्या हातात काय होतं ताई?"

एकताला वचन आठवलं. तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या माझ्यासोबत सिहोऱ्याला याल? शिंगाडे घ्यायला."

प्रतिमानं पदर खोचला. "येते," म्हणाली.

बाजार भरात होता. चंपाबाई पातेल्यातून झाऱ्यानं शिंगाडे काढत होत्या. एकता दिसली तशा त्या थबकल्या. मग तिच्या शेजारच्या बाईकडे त्यांची नजर गेली. कपाळ मोकळं, हात मोकळे. बाईंच्या हातातल्या झाऱ्यातून पाणी टपटपत राहिलं. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही. बाईंनी मागे हात नेला, रोशनीला दंडाला धरून पुढे आणलं आणि म्हणाल्या, "पाँव छू."

"कौन हैं?" पोरीनं विचारलं.

आजीनं सांगितलं नाही. पोरगी वाकू लागली, तेवढ्यात प्रतिमानं तिला अर्ध्यातच धरलं. दोन्ही बगलांत हात घालून वर उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, आता कुणाच्या कडेवर बसायच्या वयाची नव्हती. पण ती झटापट न करता बसली. तिनं आपलं तोंड प्रतिमाच्या खांद्यात खुपसलं, कुणी शिकवल्यासारखं. प्रतिमाचे डोळे मिटले. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती, हातगाडीवाला बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. एकता त्याच्या आणि त्या दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

मग प्रतिमानं तिला खाली ठेवलं. वेणीतून निसटलेले केस कानामागे सारले.

"भारी आहे गं," ती एकताला म्हणाली. "बरीच भारी आहे."

चंपाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्यांनी पिशवीभर शिंगाडे बांधून दिले. प्रतिमानं ते दोन्ही हातांनी घेतले.

परतीच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर दोघी बसल्या. एकता खिडकीशी, प्रतिमा कडेला. का कुणास ठाऊक, बसतानाच दोघींनी मधली जागा सोडली होती. बस भरत गेली. उभ्या माणसांपैकी एकानं वाकून विचारलं, "दीदी, यहाँ कोई बैठा है क्या?"

"हो," दोघी एकदमच म्हणाल्या.

मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. माणूस त्या मोकळ्या जागेकडे बघत गोसलपूरपर्यंत दांडा धरून उभा राहिला. मग तो कंडक्टरला काहीतरी पुटपुटला. कंडक्टर आला, त्यानंही बाकाकडे पाहिलं, दोघींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तिकिटं फाडायला निघून गेला. बाहेर गव्हाची कोवळी शेतं मागे पळत होती. प्रतिमानं पिशवीतून एक शिंगाडा काढून सोलला, आतला पांढरा गर दोन बोटांत धरला आणि खाल्ला नाही. पनागर येईपर्यंत तो तिच्या हातातच होता.